उरलेल्या ब्रेडचं भाजलेलं पुडिंग

आज आम्ही ब्रेडचं पुडिंग सांगणार आहोत, तेही भाजलेलं, म्हणजे ओव्हनमधलं. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी लगेच रेडिओ बंद करू नका. कुकरमध्ये आणि जाड कढईत ते कसं होतं तेही सांगणार आहोत. वही-पेन्सिल जवळ घ्या. मापं थोडीच आहेत आणि आम्ही ती सावकाश सांगू.

कृतीकडे वळण्याआधी एक विचारायचं आहे. तुमच्या घरात शिळं कोण खातं? आमच्या गटाच्या बैठकीत एकदा हा विषय निघाला. कालची भाकरी, परवाचा भात, पिशवीच्या तळाशी राहिलेले ब्रेडचे दोन तुकडे, हे सगळं सकाळी कोणाच्या ताटात गेलं? प्रत्येकीने स्वतःचंच नाव घेतलं. कोणी कोणावर सक्ती केली नव्हती. पोरांना ताजं, पुरुषमाणसांना गरम आणि उरलेलं आपलं, हे आपण न बोलता ठरवून टाकलेलं असतं. पोळी, भाकरी उरली की निदान फोडणीची पोळी होते, कुस्करा होतो, त्याला घरातले सगळे हात लावतात. ब्रेडला मात्र आपल्याकडे तसा मान मिळालेला नाही. तो कडक झाला की एक तर बाई चहात बुडवून संपवते, नाही तर गोठ्यात जातो. पुडिंग केलं की हाच ब्रेड सगळ्यांच्या ताटात जातो, आणि पोरं वर आणखी मागतात. आम्ही हा पदार्थ निवडला तो एवढ्यासाठी.

बचत होते म्हणून करा, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. हिशेब करून बघा. अर्धा लिटर दूध, तीन अंडी, साखर, थोडं लोणी आणि वर गॅस नाही तर वीज. उरलेल्या ब्रेडच्या किमतीपेक्षा हा खर्च जास्तच होतो. पाच पाव वाचवायला कोणी मुद्दाम अर्धा लिटर दूध आणू नये. पण ज्या दिवशी घरात गोड करायचंच आहे, पाहुणे आहेत, कोणाचा वाढदिवस आहे, त्या दिवशी शेवयांच्या खिरीऐवजी हे करायला काही हरकत नाही.

आता ब्रेड कोणता घ्यायचा ते नीट ऐका, कारण गफलत इथेच होते. शिळा ब्रेड वेगळा आणि बुरशी आलेला ब्रेड वेगळा. शिळा म्हणजे कडक झालेला, कोरडा. पुडिंगला तोच चांगला. ताजा मऊ ब्रेड दुधात पडला की त्याचा लगदा होतो. कोरडा ब्रेड दूध पोटात घेतो आणि तरी आपला आकार धरून राहतो. बुरशीचा ब्रेड मात्र टाकायचा, आणि सगळाच टाकायचा. एका स्लाइसवर हिरवा, पांढरा, काळा ठिपका दिसला की आपण तेवढा कोपरा काढून टाकतो आणि बाकीचा ठेवतो. तसं करू नका. बुरशीचे बारीक धागे ब्रेडच्या आत पसरलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. तिने सोडलेलं विष भाजल्याने, तळल्याने, उकळल्याने जाईलच असंही नाही. नाकाशी धरून वासही घेऊ नका, त्या बारीक कणांनी दम्याच्या माणसाला त्रास होतो.

आणि हो, तो गाईलाही घालू नका. "गाय खाईल" असं म्हणून आपण सुटतो. पण बुरशीचं खाणं जनावरालाही बाधतं. बुरशी नसलेला ब्रेड किंवा पोळ्यासुद्धा एकदम पाटीभर घातल्या तर गाईच्या पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जनावर दगावूही शकतं. लग्नाकार्यानंतर उरलेलं अन्न खाऊन गाय पडली, हे आपल्यापैकी कित्येकींनी पाहिलं आहे.

पावसाळ्यात दमट हवेने दोन-तीन दिवसांतच ब्रेडवर ठिपके येतात. तेव्हा युक्ती अशी: ब्रेड उरणार असं दिसलं की त्याच दिवशी त्याचे चौकोनी तुकडे करा, मंद तव्यावर कोरडे होईपर्यंत परता, पूर्ण गार करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. उन्हाळ्यात तव्याऐवजी सरळ उन्हात घाला. आठ-दहा दिवसांत पुडिंगपुरते तुकडे जमतात. फ्रिज असेल तर ब्रेड फ्रिजमध्येही ठेवता येतो. तिथे बुरशी उशिरा येते, मात्र ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. ब्रेडमधला शिजलेला स्टार्च गारव्यात पुन्हा घट्ट होत जातो, त्यामुळे तसं होतं. सँडविचला हे वाईट, पण आपल्या पुडिंगला उत्तम.

आता साहित्य. सहा माणसांचं माप सांगतो. वाटी म्हणजे 200 मिलीलिटरची, आपली नेहमीची आमटीची वाटी नव्हे, ती लहान असते. एकदा पाण्याने मोजून बघा. ब्रेडच्या मध्यम आकाराच्या 8 स्लाइस, किंवा लादीतले 5 पाव. वजनाने साधारण 200 ग्रॅम. दूध अडीच वाट्या, म्हणजे अर्धा लिटर. अंडी 3. साखर अर्धी वाटी. लोणी किंवा बटर 2 मोठे चमचे. बेदाणे एक मूठ. आपले सांगली-तासगावचे बेदाणे आहेतच. जायफळ पाव चमचा, ताजं किसलेलं, आणि चिमूटभर मीठ. व्हॅनिला असेल तर अर्धा चमचा, नसेल तर अडत नाही. जायफळ आणि वेलची मिळून अंड्याचा वास झाकतात. बटर खारं असेल तर मीठ वगळा.

गुळाबद्दल बऱ्याचजणी विचारतात. गूळ या मिश्रणात घालू नका. गुळाच्या आंबटपणाने दूध तापताना फाटू शकतं. गुळाचीच चव हवी असेल तर पुडिंग तयार झाल्यावर वरून काकवी घाला. फार छान लागते, आम्हाला तर साखरेपेक्षा तीच आवडते.

करायला घेताना दूध आधी उकळून घ्या, त्यात साखर विरघळवा आणि कोमट होऊ द्या. किती कोमट? बोट बुडवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे. अंडी एकेक करून आधी वाटीत फोडा, खराब निघालं तर एकच वाया जातं. तिन्ही अंडी काट्याने फेटा, पण फेस काढायचा नाही, फक्त पांढरं-पिवळं एकजीव करायचं. मग फेटता फेटता कोमट दूध त्यात ओता. कढत दूध ओतलं तर अंडं तिथल्या तिथे शिजून भुर्जी होते. मीठ, जायफळ घाला आणि चहाच्या गाळणीतून सगळं गाळून घ्या. गाळायचा कंटाळा करू नका. अंड्यातले पांढरे दोर गाळणीत राहतात, आणि पुडिंग खाताना दाताखाली तेच येतात. अंडं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे हेही लक्षात ठेवा.

खोलगट भांड्याला आतून लोणी लावा. कुकरचा डबा चालतो, केकचं भांडं चालतं, ओव्हनची काच चालते. ब्रेडला उरलेलं लोणी लावा, चार-चार तुकडे करा आणि थर द्या. एक थर ब्रेड, त्यावर बेदाणे, पुन्हा ब्रेड. कडा काढायची गरज नाही. उलट वरच्या थरात कडा वर येतील असे तुकडे लावले तर त्या छान कुरकुरीत होतात. बेदाणे मात्र मधल्या थरातच ठेवा, वर ठेवले की करपतात आणि कडू होतात. आता गाळलेलं दूध सावकाश ओता, चमच्याच्या पाठीने ब्रेड हलके दाबा आणि अर्धा तास तसंच झाकून ठेवा. हा अर्धा तास गाळलात तर वर कोरडा ब्रेड आणि खाली अंड्याचा गोळा, असं दोन मजली पुडिंग होतं.

आता भाजणं, आणि त्यासाठी आपण आधी खरवस आठवू या. गाय-म्हैस व्यायल्यावरचा चीक आपण वाफवतो आणि तो आपोआप घट्ट होतो. त्यात ना पीठ असतं ना जिलेटिन. चिकात प्रथिनं भरपूर असतात आणि उष्णतेने ती एकमेकांत गुंफतात. पुडिंगमध्ये तेच काम अंडं करतं. दूध, साखर आणि अंड्याचं हे मिश्रण साधारण 80 ते 85 अंशांवर घट्ट होतं. खरवस जास्त वेळ वाफेवर राहिला तर काय होतं? जाळी पडते, पाणी सुटतं, तुकडा रबरासारखा लागतो. पुडिंगचं अगदी तसंच आहे. म्हणून आच मंद हवी, आणि थांबायचं कधी हे कळलं पाहिजे. बाकी सगळं, बेदाणे, व्हॅनिला, जायफळ, ही हौस आहे.

ज्यांच्याकडे ओटीजी ओव्हन आहे त्यांनी वरची आणि खालची दोन्ही कॉइल लावून, 170 अंशांवर, दहा मिनिटं आधी तापवून घ्यावा. पुडिंगचं भांडं एका मोठ्या ट्रेमध्ये ठेवा आणि ट्रेमध्ये गरम पाणी ओता, भांड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत. पाणी उकळलं तरी 100 अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे भांड्याच्या कडेचा भाग ओव्हनच्या झळीपासून वाचतो. पाण्याचा ट्रे ठेवला की साधारण 50 मिनिटं लागतात, पण चाळिसाव्या मिनिटापासून बघायला लागा. सुरी मध्यभागापासून जरा बाजूला खुपसा. ती स्वच्छ बाहेर आली आणि भांडं हलवल्यावर फक्त मधला भाग हलकासा थरथरला, की झालं. दूध डुचमळताना दिसलं तर अजून वेळ आहे. थरथरणारा मधला भाग बाहेर काढल्यावर आतल्या उष्णतेनेच पंधरा मिनिटांत बसतो. लहान मुलांना, गरोदर बाईला द्यायचं असेल तर मधला भागही पूर्ण बसू द्या, चार-पाच मिनिटं जास्त ठेवा. कच्चट अंडं त्यांच्यासाठी नको.

मध्येच वीज गेली तर? आपल्याकडे हे होणारच. दार उघडू नका. ओव्हन पंधरा-वीस मिनिटं चांगला गरम राहतो, वीज आली की पुढे चालू करा. त्याहून उशीर होणार असेल तर भांडं उचलून सरळ कढईत ठेवा, आता सांगतो त्या पद्धतीने.

जुना कुकर किंवा जाड बुडाची कढई घ्या. कुकर असेल तर झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढा; हे विसरायचं नाही. तळाशी दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर एक ताटली किंवा स्टँड, आणि झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग आच अगदी बारीक करा, पुडिंगचं भांडं स्टँडवर ठेवा आणि झाकण लावा. 45 ते 50 मिनिटं लागतात. पाऊण तासाच्या आत झाकण उघडत बसू नका. सुरीची परीक्षा तीच. ते मीठ फेकू नका, गार करून बरणीत भरा, पुढच्या वेळी पुन्हा उपयोगी पडतं, स्वयंपाकात मात्र वापरू नका. चांगला रोजचा कुकर यासाठी वापरू नये असं आमचं मत आहे, कोरड्या तापण्याने तो खराब होतो.

या पद्धतीत वरचा भाग ओव्हनसारखा तांबूस होत नाही. ज्यांच्याकडे चूल आहे त्यांना त्याची काळजी नाही. झाकणावर चार निखारे ठेवा, शेवटच्या दहा मिनिटांत वरून रंग येतो. ही काही नवी गोष्ट नाही. कोकणात काकडीचं धोंडस असंच होत आलं आहे, खाली विस्तव आणि वर निखारे. भाजलेला गोड पदार्थ म्हणजे बेकरीचा, शहरातला, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या आजेसासूबाईंची आठवण काढावी. ओव्हन नव्हता, पण भाजणं त्यांना येत होतं. गॅसवाल्यांनी वरून रंग हवाच असेल तर पुडिंग गार झाल्यावर ताटात उलटं काढावं, खालची बाजू तांबूस झालेली असते.

अंडं न खाणाऱ्या घरांसाठी आता थोडं. आमच्यातल्या एकीच्या घरी सासूबाईंना स्वयंपाकघरात अंडं चालत नाही. तिने वाद घातला नाही, कस्टर्ड पावडर आणली. ही पावडर मुळात अशाच अडचणीतून निघाली आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅम इथे आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं, म्हणून त्यांनी 1837 साली मक्याच्या पिठापासून बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं. आजही डब्यात मुख्यतः मक्याचं पीठ, रंग आणि वास एवढंच असतं. काही डब्यांवर घटक बारीक अक्षरात असतात, ते वाचून घ्या.

पण इथे पद्धत बदलते. अंडं 80-85 अंशांवर बसतं, मक्याचं पीठ मात्र जवळजवळ उकळीपर्यंत गेल्याशिवाय नीट दाट होत नाही. म्हणून कच्चं मिश्रण ओतून भाजलं तर पीठ खाली बसतं. अर्धा लिटर दुधातलं अर्धी वाटी गार दूध बाजूला काढा, त्यात 2 मोठे चमचे पावडर कालवा. बाकीचं दूध साखर घालून उकळा, त्यात हे ओता आणि ढवळत दोन-तीन मिनिटं शिजवा. चमच्याच्या पाठीला चिकटेल इतपत झालं की गरम असतानाच ब्रेडवर ओता. वीस मिनिटं मुरू द्या आणि मग भाजा. पाण्याचा ट्रे नको, वेळही कमी, 25 ते 30 मिनिटं. हे पुडिंग अंड्याच्या पुडिंगसारखं थरथरणार नाही, जरा घट्ट लागेल. चव चांगलीच असते, फक्त ते अंड्याचंच आहे असं समजून खाऊ नका.

हैदराबादकडच्या मैत्रिणी म्हणतील, हे तर आमचा डबल का मीठा. नातं आहे, पण त्यात ब्रेड तुपात तळतात, मग साखरेचा पाक आणि आटवलेलं दूध. तो सणाचा थाट. इकडे गोव्यात सकाळी पोदेर सायकलवर पाव घेऊन येतो; पाव हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला. रोजच पाव येणार म्हटल्यावर तो उरणारही, आणि तिथल्या ख्रिस्ती घरांत उरलेल्या पावाचं पुडिंग ओळखीचं आहे. इंग्लंडातल्या साध्या घरांतूनही ते असंच, उरलेलं संपवायला म्हणून होत आलं. कुठलीही बाई उरलेल्या अन्नाशी झटापट करतेच, मग ती पावाशी असो की भाकरीशी.

मागच्या वेळी एका श्रोत्या मैत्रिणीने विचारलं होतं, याने मुलांच्या पोटात काही जातं का, की नुसतं गोड? जातं. तीन अंड्यांत मिळून सुमारे 18 ग्रॅम प्रथिनं, अर्ध्या लिटर दुधात सुमारे 16, आणि ब्रेडमध्येही थोडी असतात. सहा जणांत वाटलं तर प्रत्येकाला एका अंड्यापेक्षा जास्तच मिळतात. पण साखर आणि मैदाही आहे, म्हणून हे रोजचं खाणं नाही. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर साखर निम्मी करा. कमी साखरेने पुडिंग बसायचं राहत नाही, उलट जरा लवकर बसतं, तेव्हा सुरी पाच मिनिटं आधी खुपसा. तरीही त्यांचा तुकडा लहानच हवा, कारण ब्रेड आणि दुधातूनही साखर वाढतेच.

कापताना आधी माणसं मोजा आणि त्यात स्वतःला मोजा. आमच्या गटात हे आता ठरूनच गेलं आहे. सगळ्यांना देऊन भांड्याला चिकटलेलं आपण खरवडून खायचं, असं नाही. आपला तुकडा आधीच बाजूला काढून ठेवायचा. सुरुवातीला एक-दोघींच्या घरी यावर हसले, आता ती ताटली मुलंच आणून देतात.

पुडिंग भाजून बाहेर काढल्यावर वीस मिनिटं तरी थांबा, मगच कापा, नाही तर तुकडा मोडतो. कोमट खाल्लं तर मऊ लागतं, गार खाल्लं तर गोडी जरा कमी जाणवते. दूध-अंड्याचा पदार्थ आहे, तेव्हा दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस राहतं. फ्रिज नसेल तर निम्म्या मापाने करा: 4 स्लाइस, पाव लिटर दूध, एक मोठं अंडं आणि दुसऱ्याचा फक्त बलक, साखर पाव वाटी. दुसऱ्या अंड्याचं पांढरं वाया घालवू नका, त्याच वेळी कांदा-मिरची घालून तव्यावर टाका. अर्ध्या मापाला लहान भांडं घ्या आणि वेळ दहा-बारा मिनिटांनी कमी धरा.

पुढच्या भागात उरलेल्या भाताविषयी बोलू. तोवर कोणी पुडिंग केलं आणि बसलं नाही, तर किती वेळ ठेवलं, आच केवढी होती आणि भांडं कोणतं होतं, एवढं लिहून पाठवा.